मामीची चासी

‘चासी’ हा शब्द तोंडातून काढण्याआधी समोर कोण आहे ते बघून घ्यावं, एवढं शहाणपण मला आता आलंय. गॅरेजवाल्यापुढे काढला तर तो स्टूल पुसून देतो आणि चहा सांगतो. नवऱ्यापुढे काढला तर तो पेपरात डोकं खुपसतो. आणि आईपुढे काढला तर तो शब्द त्याच दिवशी लोणी काळभोरला मामांकडे पोचतो आणि तिथे त्याचा ट्रक होतो.

ट्रक कसा झाला ते सांगते, पण त्याआधी हे खूळ मला लागलं कुठून ते सांगायला हवं. मी राहते बिबवेवाडीला आणि नोकरी हिंजवडीला. म्हणजे दिवसाचा चांगला मोठा भाग मी कंपनीच्या बसमध्ये असते, आणि बस रस्त्यात उभी असते. अशा माणसाला कोणी एका रविवारी ऑटोक्रॉस बघायला नेऊ नये. ऑफिसातल्या मैत्रिणीने मला नेलं.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात आणि एका वेळी एकच गाडी त्यातून पळते. स्पर्धा घड्याळाशी. कोणाला मागे टाकायचं नाही, कोणाच्या अंगावर जायचं नाही. शंकू पाडला की दंड म्हणून वेळ वाढवतात. चालवणारे सगळे हौशी, कोणी बँकेतला, कोणी दात काढणारा. मैत्रिणीच्या भावाने मला शेजारी बसवून एक फेरी मारली. पहिल्या वळणाला मी किंचाळले, दुसऱ्याला हसायला लागले, आणि तिसऱ्या वळणापर्यंत माझं ठरलं होतं की दिवाळीनंतरच्या स्पर्धेत मी स्वतः चालवणार. वय त्रेचाळीस. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “केसात माती आहे तुझ्या.” ती मी दुसऱ्या दिवशीपर्यंत धुतली नाही.

प्रश्न गाडीचा होता. आमची घरची गाडी उंच, जड, ऑटोमॅटिक आणि नवऱ्याची. त्याने एका वाक्यात विषय संपवला, “हौस तुझी, तर गाडीही तुझी.” त्या मैदानावरच्या जुन्या खेळाडूंना विचारलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं. इंजिन पुढे दुरुस्त करता येतं, टायर आणि स्प्रिंगा बदलता येतात, पण चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, एकदाच निवडायची. ती हलकी हवी, आखूड हवी, जमिनीला धरून हवी, आणि मुख्य म्हणजे अपघातात वाकवून पुन्हा ओढून सरळ केलेली नको. तशी छोट्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसतेच. पत्र्याचं सगळं अंग मिळूनच तिचा सांगाडा होतो. पण गॅरेजात त्यालाही चासीच म्हणतात, आणि मीही म्हणायला लागले.

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे. तिथला मालक माझ्याच वयाचा, कायम वैतागलेला माणूस. “रेसची गाडी करायचीय,” असं म्हणाले आणि त्याचा वैताग कुठल्या कुठे पळाला. त्याने खडूने जमिनीवर गाडी काढली आणि तिच्यातून काय काय कापून टाकायचं त्याच्यावर फुल्या मारत सुटला. मागची सीट, दारांची अस्तरं, गालिचा, छताचं कापड, एसी. फुल्या मारताना तो इतका खुशीत होता की गाडी अजून मिळायची आहे याची आठवण मलाच करून द्यावी लागली.

मग आमचे रविवार गाड्या बघण्यात जायला लागले. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाची गाडी डॉक्टरांनी जपून, हळू चालवलेली असते, हे मला तेव्हा समजलं. इतके डॉक्टर जर पुण्यात गाड्या हळू चालवत असतील तर पेशंट तपासतं कोण, देव जाणे. एक लालभडक गाडी मला बघताक्षणी आवडली. मी तिच्यात बसून आरशात स्वतःला बघूनसुद्धा घेतलं. गॅरेजवाल्याने मात्र बॉनेट उघडलं, आतल्या पत्र्याच्या जोडांवरून बोट फिरवलं, दार आणि अंग यांच्यातली फट वरून खाली बघितली आणि मला म्हणाला, “मॅडम, रस्त्यावर घ्या आणि स्टिअरिंग सोडा.” मी सोडलं. गाडी शांतपणे उजवीकडे, दुभाजकाच्या दिशेने निघाली.

“चासी हललीय हिची,” तो म्हणाला. “सरळ जायचं असेल तर तुम्हाला तिरकं बसावं लागेल.”

गाडी विकणारा म्हणाला, “अहो, पण डॉक्टरांची गाडी आहे.”

“मग त्यांनाच दाखवा,” गॅरेजवाला म्हणाला आणि आम्ही निघालो.

दुसरी एक चांगली होती, पण शेपूट लांब. वळणावर पुढचा भाग निघून जायचा आणि मागचा मागाहून विचार करून यायचा. तिसरीचा तळ गंजलेला. घरी नवऱ्याचं दर वेळी एकच, “अ‍ॅव्हरेज किती देते?” मी सांगायची, अरे, ती मैदानातल्या मैदानात फिरणार, तिचं अ‍ॅव्हरेज घेऊन काय करायचंय? तरी तो म्हणायचा, “तरीपण. माहीत असावं.” दसरा जवळ आला. स्पर्धेची वर्गणी मी भरून बसले होते आणि माझ्याकडे गाडी नव्हती. माझी चिडचिड व्हायला लागली, आणि त्या चिडचिडीतच मी आईला फोनवर म्हणाले, “काही नाही गं, चासी शोधतेय, मिळत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मामांचा फोन. आवाज एवढा मोठा की शेजारच्यालाही ऐकू जावा. “आगं, चासी गावली! कोरी करकरीत हाय. रईवारी ये, मानूस थांबवून ठिवलाय.”

मला काही शंका यायला हवी होती. पण मी इतकी हरखले की गॅरेजवाल्याला घेऊन रविवारी सकाळीच लोणी काळभोरला पोचले. मामांची वस्ती गावापासून आत, उसाच्या रानाकडेला. वळणावरून आत शिरलो आणि अंगणात ती उभी दिसली.

पुण्यात राहणाऱ्या माणसाने सोलापूर रस्त्यावरून नुसत्या चासी जाताना पाहिल्या नाहीत असं होत नाही. केबिन नाही, हौदा नाही, लांबच लांब लोखंडी सांगाड्यावर पुढे फळी टाकून बसलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर. तसली एक अख्खी ट्रकची चासी मामांच्या अंगणात उभी होती. पुढे हार घातलेला. बाजूला खाटेवर तिचा मालक, म्हणजे धंदा बंद करून ती विकायला निघालेला मामांचा दोस्त, आणि चार शेजारी. माझी भाची कॉम्प्युटरची नोकरी सोडून ट्रान्सपोर्टच्या धंद्यात उतरतेय, असं मामांनी त्या सगळ्यांना छाती फुगवून सांगितलेलं.

“मामा,” मी म्हणाले, “हिला वळवायला मैदान नाही, तालुका लागेल.”

गॅरेजवाला उसाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना. मी सगळं समजावून सांगितल्यावर मामा आधी ओशाळले, मग त्यांनी दोस्ताला चहा पाजून वाटेला लावलं, आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “बारकी गाडी पायजे म्हन की! मंग माझीच हाय की गोठ्यामागं.”

गोठ्यामागे ती होती. ठेंगणी, आखूड, रंग कधीतरी पांढरा असलेली जुनी हॅचबॅक. मामांनी ती लग्नकार्याला जायला म्हणून घेतली होती. नवेपणा संपल्यावर ते पुन्हा मोटारसायकलवर गेले आणि गाडी मामीच्या वाट्याला आली. मामी वस्तीमागच्या माळावर स्वतःची स्वतः गाडी शिकली होती. हे मला ऐकून माहीत होतं, पण तिला चालवताना मी कधी बघितलं नव्हतं.

गॅरेजवाला बॉनेटमध्ये वाकला, मग पाठीवर झोपून गाडीखाली गेला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. शेवटी खालून आवाज आला, “मॅडम, हिला कोणी हातच लावलेला नाही.” मग बाहेर येऊन, केसातला कडबा झाडत, “पत्रा ओरिजिनल, जोड ओरिजिनल. चासी सरळ आहे. आणि वजनच नाही हो हिला!”

मी चावीसाठी हात पुढे केला, तर मामी म्हणाली, “गिअर आडकतो. आधी मी दावते.” पदराच्या टोकाला मारलेल्या गाठीतून तिने चावी काढली, पदर खोचला आणि बसली. मी शेजारी. पहिला गिअर टाकताना तिने दांड्याला तळहाताने खालून एक फटका दिला, जसा हट्टी दाराच्या कडीला देतात, आणि आम्ही माळावर निघालो. बाभळीला वळसा, पाण्याच्या चारीच्या कडेने डावीकडे, मोठ्या दगडाच्या आतून उजवीकडे. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात पाय हलका, बाहेर पडताना पुन्हा जोर. ती काही खास करत नव्हती. तिचा रोजचाच रस्ता तो, डेअरीला दूध घालायला जायचा. मी दोन्ही हातांनी दाराला धरलं होतं आणि मला त्या मैदानावरची पहिली फेरी आठवत होती.

मग मी चालवली. काय सांगू! मनात वळायचं आलं की ती वळलेलीच असायची. आमच्या घरच्या गाडीला वळवणं म्हणजे अर्ज करणं आहे. ही नुसत्या नजरेने ऐकत होती. बाभळीभोवती मी इतक्या फेऱ्या मारल्या की मामांच्या म्हशी दावं ताणून उभ्या राहिल्या. उतरले तेव्हा मी वेड्यासारखी हसत होते. हीच, मी म्हणाले. हीच गाडी.

“मंग घिऊन जा,” मामा म्हणाले. “माझीच गाडी हाय, कुनाला इचारायचंय?”

आम्ही ओसरीवर बसलो. गॅरेजवाल्याने खडू बाहेर काढलाच होता. त्याने फरशीवर गाडी काढली आणि फुल्या मारायला सुरुवात केली. सीट जाणार, अस्तर जाणार, गाडी उलटली तरी चेपू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडायचा, त्यासाठी तळाला दोन ठिकाणी कापावं लागेल. मामा मान डोलवत होते. “एकदा कापली की रस्त्यावर नाही यायची परत, पण मैदानात बघाच,” तो म्हणाला. मामीने चहा आणला. कपबश्यांच्या ताटलीत तिने चावी ठेवली होती. पदराची गाठ सोडलेली दिसली. ती अंगणात गेली.

मी चहा पीत तिच्याकडे बघत होते. तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि आतलं काढायला लागली. खुरपं, दोन विळे, रिकाम्या गोण्या, दुधाच्या किटलीखाली घालायची चुंबळ, छत्री. मग पुढच्या कप्प्यातून बँकेचं पासबुक आणि कंगवा. आरशाला बांधलेला देवीचा लाल गोंडा सोडवायला तिला वेळ लागला. गाठ घट्ट बसली होती. प्रत्येक वस्तू ती गोठ्याच्या कट्ट्यावर नीट मांडून ठेवत होती.

“बघा, वजन कमी व्हायला लागलं,” गॅरेजवाला खुशीत म्हणाला.

मी चहा अर्धा टाकून उठले. मामीजवळ जाऊन विचारलं, “मामी, गाडी नेली तर तू काय करशील?”

“काय करनार? पूर्वी काय करत हुते?” तिने गोंडा खांद्यावर टाकला. “डेअरीला ह्यांच्या मागं बसून जाईन, त्यास्नी येळ आसंल तवा. बँकेत बी तसंच. बहिनीकडं...” ती थांबली. “बहिनीकडं जानं हुईल तवा हुईल. तू ने गं. तुझं खेळायचं वय हाय.”

त्रेचाळिसाव्या वर्षी हे वाक्य ऐकून मला एरवी आनंदच झाला असता. पण माझी नजर कट्ट्यावरच्या वस्तूंवर गेली. मला ती गाडी हवी होती, फार हवी होती. इतकी परिपूर्ण चासी मला पुन्हा मिळणार नव्हती. आणि तीच चासी तिला माणसात नेत होती. मला मामांचा राग आला, गॅरेजवाल्याच्या खडूचा राग आला, आणि त्या रागातच तोडगा सुचला. स्पर्धेतल्या माझ्या गटात कापलेली गाडी लागतच नव्हती! नियमात साधी रस्त्यावरची गाडी चालत होती. कापाकापी ही सगळी गॅरेजवाल्याची हौस होती.

मी ओसरीवर आले आणि चपलेने फरशीवरच्या फुल्या पुसल्या. “काही कापायचं नाही. स्पर्धेच्या दिवसापुरती नेणार, संध्याकाळी परत आणणार. तुम्ही फक्त ब्रेक आणि टायर बघा.”

“मग त्याला रेसिंग म्हणायचं कशाला?” गॅरेजवाला म्हणाला आणि त्याचा जुना वैताग परत आला.

मामी मागून आली. ताटलीतली चावी उचलून तिने पदराला बांधली. “दिवसापुरती दीन. पन मी संगं येनार. आन मी बी चालवनार.”

मामा मोठ्याने हसले. “तू? रेसमदी?”

“न्हाई तर चावी न्हाई,” मामी म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

एका गाडीवर दोघांना भाग घेता येतो, फक्त दोघांकडे लायसन्स हवं आणि नावं वेगळी द्यायला हवीत. लायसन्स मामीकडे होतं. दिवाळी पार पडली आणि तो रविवार आला. भल्या सकाळी मामीने स्वतः गाडी चालवत आणली. शेजारी मामा, मागच्या सीटवर भाकरीचं गाठोडं. सीट जागच्या जागी असल्याचा तेवढा एक फायदा गॅरेजवाल्याने मान्य केला. नियमाप्रमाणे पायात बूट आणि अंगभर कपडे हवे होते, म्हणून मामीने लुगड्याऐवजी माझा पंजाबी ड्रेस आणि पायात माझे पळायचे बूट घातले होते. हेल्मेट मात्र अंबाड्यावर बसेना. शेवटी तिने अंबाडा सोडून वेणी घातली आणि म्हणाली, “लग्नाआधी घालत हुते.”

पहिली पाळी माझी. झेंडा पडला आणि मी सुटले. कानात स्वतःचाच श्वास, समोर नारिंगी शंकूंची रांग अंगावर येतेय. पहिलं वळण जमलं. दुसऱ्याला मागची चाकं किंचित निसटली, आणि मी काही करायच्या आत गाडीने स्वतःला सावरलं. तिसऱ्यावर मैदानात एक खोल चर होता. त्याच्यावरून गेलं असतं तर सेकंद वाचले असते. चर दिसला तशी मला कट्ट्यावर मांडलेली किटलीची चुंबळ आठवली, उद्या हिला डेअरीला जायचं होतं, आणि मी बाहेरून गेले. वेळ गेला. एक शंकूही पाडला. तरी शेवटच्या रेषेवर ब्रेक दाबला तेव्हा मी हेल्मेटच्या आत ओरडत होते, आणि नंतर नवऱ्याने सांगितलं की ते सगळ्या मैदानाला ऐकू आलं. तो घड्याळ घेऊन उभा होता. अ‍ॅव्हरेजबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही.

मग मामी. तिने सीट पुढे ओढली, देवीचा गोंडा आरशाला बांधला आणि रेषेवर जाऊन उभी राहिली. माइकवरचा तरुण प्रत्येक गाडीची माहिती सांगत होता. माझ्या पाळीला एक नाव, आता दुसरं, गाडी तीच. त्याचा गोंधळ झाला. माइकवरूनच त्याने विचारलं, “ही गाडी नक्की कोणाची? ओनर कोण आहेत?”

मामा दोरीपाशी पुढेच उभे होते. सवयीने त्यांनी हात वर केला आणि तोंड उघडलं. गाडीकडे बघितलं. हेल्मेटमध्ये मामी ओळखूही येत नव्हती. खाली फक्त वेणी दिसत होती. हात तसाच वर राहिला.

“तिची हाय,” मामा म्हणाले.

मामीने हेल्मेटची काच वर केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय म्हनलासा? ऐकू न्हाई आलं.”

“तुझी हाय म्हनलं!” मामा ओरडले. “गाडी तुझी हाय!”

माइकवाल्याने ते तसंच्या तसं सगळ्या मैदानाला सांगितलं. मामीने काच खाली केली, पहिला गिअर टाकला, तो नेहमीसारखा अडकला, आणि तिने त्याला तळहाताने खालून एक फटका दिला.